माझ्या नावाचा तांब्या

क्षयातून उठलेली बाई म्हणून लोक मला अजून घरी बोलावतात. कुणाच्या सुनेचा खोकला हटत नसतो, कुणाच्या भावाला छातीचा फोटो काढायला सांगितलेलं असतं. पेशंट आत झोपलेला असतो आणि घरची माणसं ओसरीवर मला हळूच विचारतात, "मावशी, त्याला सांगावं का न्हाय?" मी म्हणते, आधी त्याला सांगा, मग गावाला सांगा न सांगा. हे म्हणताना माझा आवाज चढतो आणि लोकांना वाटतं, म्हातारी तापट आहे. आहेच.

आवाज का चढतो हे लिहून ठेवावं असं संगीचं म्हणणं पडलं. संगी, म्हणजे संघमित्रा, माझी मुलगी. शाळेत शिकवते. मी सांगायचं आणि तिनं लिहायचं असं ठरलं होतं, पण तिच्या वडिलांचा विषय आला की तिचा पेन थांबायचा. मग म्हटलं, राहू दे बाई, माझं मीच लिहिते. चौथीपर्यंतची शाळा इतक्या वर्षांनी कामाला आली.

*

माझं माहेर परंड्याजवळचं, सासर ईटचं. आम्हाला जमीन नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं तेव्हा आम्ही नवरा-बायकोही गेलो. हातोडीला हातोडी लागली की आपोआप ठेका धरला जातो, आणि ठेका असला की मला गप्प बसवत नाही. मी तिथंच गाणी जुळवायला लागले. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं गाणं, आटलेल्या विहिरीचं गाणं, मग बाबासाहेबांची गाणी. शेजारच्या ढिगावर बसलेली सुंदरा, माझी लांबची जाऊ, ओळीचं शेपूट पकडून झील द्यायची. बायका म्हणायच्या, कौसा गाती तवा खडी मऊ लागती.

माझ्या मालकांना पेटी वाजवता यायची. गाव त्यांना पेटीमास्तर म्हणायचं, मग मीही मास्तरच म्हणू लागले. दुष्काळ संपला तोवर आमची पार्टी उभी राहिली होती. मी गाणार, मास्तर पेटीवर, सुंदरा झील धरणार, ढोलकीला आणि डफाला दोघे चुलतदीर. भूम, परंडा, कळंब, जयंतीच्या महिन्यात तर पार सास्तूरपर्यंत आम्हाला बोलावणं असायचं. मी काळी पाचमध्ये गायची. पेटीवरच्या त्या उंच पट्टीत उभ्या मांडवाला माईक नसला तरी चालायचं.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत असते. गाणी माझी होती, पण नाव मास्तरांचं घातलं जायचं. बाईचं नाव कडव्यात शोभत नाही, असं ते म्हणाले होते आणि मलाही तेव्हा ते पटलं होतं. "बाबूराव सांगे, शिका लेकरांनो," अशी ओळ मी म्हणायची. घरात नवऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही आणि माईकवर ते चार गावांना ऐकवायचं. सुंदरा चेष्टा करायची, "तुझा उखाणा रोजचाच हाय की."

आणखी एक रीत आमच्या पार्टीची होती, ती माझ्या माहेराहून आलेली. माझ्या लहानपणी आमच्या माणसांना विहिरीवर पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. भांड्याला आमचा हात लागू नये म्हणून. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरात सांगितलं, आजपासून या घरात कुणी पाणी वरून पिणार नाही. एकच तांब्या, सगळ्यांनी तोंड लावून प्यायचं. पाव्हणा असला तरी त्यानंही. मी ती रीत पार्टीत आणली. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी एक तांब्या पाचही जणांत फिरायचा आणि तोंड लावूनच रिकामा व्हायचा. त्याशिवाय ढोलकीवर थाप पडायची नाही.

*

खोकला कधी लागला ते नक्की सांगता येत नाही, कारण खडीची धूळ खाल्लेल्या माणसाला खोकला असणारच असं आम्ही धरून चाललो होतो. आवाज घोगरा झाला तेव्हा जाणते लोक म्हणाले, आता आवाज पिकायला लागला. मला बरंच वाटलं. वजन उतरलं तेव्हा बायका म्हणाल्या, गाणारीनं शिडशिडीतच असावं.

आणि पान. गायला बसण्याआधी मी भरपूर कात घालून पान खायची. त्यानं गळा मोकळा होतो असं आमच्यात म्हणतात. थुंकी लाल पडायची आणि ती लालच पडणार होती. त्यात पान किती आणि मी किती, हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. माझ्यासारख्या पान खाणाऱ्या, तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायका हे वाचत असतील, तर त्यांनी आठ दिवस पान सोडून थुंकी बघावी. एवढं एक तरी ऐका.

*

त्या वर्षी आमच्या भागात सहकारी साखर कारखाना निघायचं चाललं होतं. गावोगाव शेअर गोळा करायचे होते. भाषणाला माणसं जमत नाहीत, गाण्याला जमतात, म्हणून होणाऱ्या चेअरमननं आमची पार्टी धरली. आधी मी तासभर गायचं, मग त्यानं बोलायचं. मला कारखान्याचं गाणं जुळवायला सांगितलं, ते मी एका दुपारी जुळवून दिलं. पाणी नसलेल्या रानात ऊस कुठून येणार, असं सुंदरानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, गाण्यात येतो बाई, गाण्यात काय बी येतं.

माघात ताप मुरला. मास्तर मला बार्शीला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. छातीचा फोटो काढला. मला बाहेरच्या बाकावर बसवून मास्तर आत गेले, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले ते हातात मोठा पिवळा लखोटा घेऊन. काय म्हणाले डॉक्टर, असं मी विचारलं. कफ साठलाय, बाटली दिलीय, जाईल हळूहळू, असं ते म्हणाले. लखोटा दुमडू नये म्हणून त्यांनी तो पेटीच्या खोक्यात तळाला ठेवला. पेटीचं खोकं मी कधी उघडत नसे. ते त्यांचं राज्य होतं.

स्टँडवर जाता जाता ते भांड्यांच्या दुकानाशी थांबले आणि त्यांनी एक पितळी तांब्या घेतला. दुकानदाराला सांगून त्यावर नाव घालून घेतलं. छिन्नीनं एक एक टिंब पाडत त्या माणसानं "कौसल्या" असं लिहिलं. मी बघतच राहिले. आमच्या घरातल्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव होतं, नाहीतर आहेर देणाऱ्याचं. माझं नाव शाळेच्या दाखल्यानंतर कुठं लिहिलं गेलं असेल तर ते त्या तांब्यावर. एसटीत मी तो मांडीवर धरून बसले आणि बोटानं टिंबं चाचपत ईटपर्यंत आले.

मास्तरांनी पार्टीला सांगून टाकलं, "कौसाच्या तांब्याला कुणी हात लावायचा न्हाय. गाणारीचा मान हाय त्यो." जुना तांब्या त्या चौघांत फिरू लागला, माझा माझ्यापाशी राहिला. वडिलांची रीत मोडते म्हणून मन थोडं खट्टू झालं, पण खरं सांगायचं तर मला मान आवडला. तो कुणाला आवडत नाही? बायकांना मी तो तांब्या काढून काढून दाखवत होते. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्याच आठवड्यात मास्तरांनी संगीचं अंथरूण माझ्याजवळून उचलून सासूबाईंजवळ टाकलं. पोरगी सहा वर्षांची झाली, आता सवय मोडायला पाहिजे, असं म्हणाले. स्वतः ओसरीवर झोपू लागले. मला वाटलं, आजारी बायकोला झोप मिळावी म्हणून करतात. मी सासूबाईंजवळ त्यांचं कौतुकही केलं.

असे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत आम्ही किती गावं केली ते विचारू नका. बाटलीवर बाटली पीत मी गात होते. आवाज वरच्या सुराला फाटायचा तिथं सुंदरा झील मोठी करून झाकून घ्यायची. मी मास्तरांना म्हणायची, चार दिवस थांबू या. ते म्हणायचे, एवढी मोहीम होऊ दे.

*

परंड्याला जयंतीचा कार्यक्रम होता. त्या दिवशी माझ्या डब्यातला कात संपला होता आणि आणायला वेळ झाला नव्हता, म्हणून मी पान खाल्लं नव्हतं. दुसऱ्या गाण्यात ठसका आला, मी पदर तोंडाला लावला आणि तो लाल झाला. पांढरी साडी होती. जयंतीला आम्ही पांढरीच नेसतो. सुंदरानं पदराकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि म्हणाली, "कौसे, आज पान कुठं खाल्लंस तू?"

मी खाली बसले. पुढचं आठवतं ते जीपमधलं.

*

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी दुसरा फोटो काढला. तिथले डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलायचे. त्यांनी विचारलं, आधी कधी फोटो काढला होता का? मी हो म्हटलं, कफ निघाला होता म्हटलं. ते म्हणाले, असेल तर आणा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पिवळा लखोटा आणून दिला. न आणता चाललं असतं, हरवला म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता. पण त्यांनी आणला. याचं मला आजही कोडं आहे.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो खिडकीच्या काचेला धरले. फोटोच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. इंग्रजी मला येत नाही, पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं. हा माघातला, हा आताचा. माघातल्या फोटोत उजव्या बाजूला वर एक डाग होता, चिंचोक्याएवढा. आताच्या फोटोत तिथं भोक होतं. माझी मूठ बसली असती.

"हे माघातच सांगितलेलं दिसतंय. यात चिठ्ठी आहे, रोज सुई आणि पूर्ण विश्रांती," डॉक्टर मास्तरांकडे वळून म्हणाले. "मग तीन महिने काय केलं?"

मास्तर म्हणाले, "काम चालू व्हतं."

मी उभी होते ती बाकावर बसले. क्षय आहे याचं भय मला नंतर वाटलं. आधी वाटलं ते हेच, की या माणसाला सगळं माहीत होतं.

*

वॉर्डात मी सात महिने होते. सकाळी सहाला वजन, मग सुई. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. महिन्याभरात बसायला जागा उरली नाही. झाकणाचा डबा उशाशी, त्यातच थुंकायचं. मूठभर गोळ्या, त्यांनी तोंड कडू व्हायचं आणि भाकरी मातीसारखी लागायची. सगळ्यात वाईट म्हणजे सुईनं कानात सूर धरला. पेटीची एकच पट्टी कुणीतरी दाबून ठेवलीय आणि सोडत नाही, असं चोवीस तास. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. मोठ्यानं बोलायचंही नाही. आवाज परत येईल का, असं मी विचारलं तर म्हणाले, आधी तुम्ही परत या. खोटं बोलले नाहीत म्हणून मला त्यांचा आधार वाटला.

शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची गंगव्वा नावाची म्हातारी होती. कानडी जास्त, मराठी कमी. पहिल्याच आठवड्यात तिनं माझा तांब्या उचलला आणि तोंड लावून घटाघटा प्याली. मी घाबरून म्हटलं, आजी, माझा रोग लागेल. ती म्हणाली, "मला काय देवी आल्यात व्हय? तुझा माझा एकच रोग." मग तांब्यावरची टिंबं चाचपत विचारलं, यावर काय लिहिलंय? मी म्हटलं, माझं नाव. आणि ते म्हणता म्हणता मला कळलं.

मान बिन काही नव्हता. वेगळं भांडं होतं ते. माझ्या आज्याला हॉटेलबाहेरच्या कोनाड्यात वेगळी कपबशी असायची, तसं. ज्या भांड्याला वडिलांनी घरातून हाकलून दिलं, ते माझ्या नवऱ्यानं विकत आणलं होतं, आणि मी ते मिरवलं होतं. त्या दिवशी मी इतकी रडले की सिस्टर धावत आल्या. त्यांना तांब्याचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, हा रोग भांड्यानं नाही लागत, खोकल्यातून लागतो. तांब्या वेगळा करून काय उपयोग? खोकत तर तुम्ही सगळ्यांच्या मधेच होता."

म्हणजे त्या तांब्यानं कुणाचंच रक्षण झालेलं नव्हतं. सुंदरा माझ्या खांद्याला खांदा लावून बसायची. मग माझी झोप उडाली. सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत आठ दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुंदरा, दोघे दीर, सासूबाई, संगी, सगळ्यांचे फोटो स्वच्छ निघाले. संगीचा निघाला तेव्हा गंगव्वानं आपल्या वाटणीचं अंडं मला दिलं.

*

मास्तर महिन्यातून एकदा यायचे. तिसऱ्या खेपेला आले ते खाकी कपड्यांत. कारखान्याच्या जागेवर पहारेकऱ्याची कायमची नोकरी लागली होती. चेअरमननं शब्द पाळला होता. त्यांना वाटलं मला आनंद होईल.

मी विचारलं, "ह्याच्यासाठी व्हय?"

ते खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "आपल्याला ना जमीन ना जुमला. चेरमन म्हणला, मोहीम हुईस्तोवर पार्टी चालू ठेव, तुझं बघतो. तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. संगीसाठी केलं म्या."

"संगीला माझ्याजवळनं उचललीत, तवा संगीचं कळलं तुमाला. मग माझं का न्हाय कळलं?"

मी तांब्या पुढं केला आणि म्हटलं, "आन ह्यावर नाव कशाला घातलं?"

"नुसता येगळा दिसला असता तर लोकांनी इचारलं असतं," ते म्हणाले. "नाव घातलं की मान वाटतो."

ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. इतकं सरळ सांगितलं की मला भांडायलाही जागा राहिली नाही. ते गेल्यावर गंगव्वा म्हणाली, नवरा चांगला दिसतो तुझा, खाकीत. मी म्हटलं, दिसतो.

लोक मला विचारतात, मग नांदलीस कशी? नांदले. जायचं कुठं होतं? आई थकलेली, भाऊ पुण्याला भाड्याच्या खोलीत. पगार घरात येत होता आणि संगी त्यावरच शिकली, हेही खरं आहे. त्या पगाराची भाकरी मी खाल्ली. ती मला कधी गोड लागली नाही, पण खाल्ली. अहो-जाहो सुद्धा सुटलं नाही.

*

घरी आल्यावरही वर्षभर गोळ्या चालू होत्या. त्यातली मी एकही चुकवली नाही. बरं वाटायला लागलं की माणसं गोळ्या सोडतात आणि मग परत वॉर्डात जातात. गंगव्वा तशीच परत गेली आणि घरी आली नाही. तिच्यासाठी तरी चुकवू नका.

थुंकी तीनदा तपासली, फोटो काढला आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की रोग गेला, माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. तो कागद मी आधी स्वतः घेतला, मग मास्तरांना वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला.

आवाजाचं विचाराल तर रानात जाऊन मी एकटीच धरून बघितला. काळी पाच गेली होती. चारही गेली होती. वरचा सूर लावायला गेले की नुसती हवा यायची. रडत रडत खाली उतरत गेले तेव्हा काळी दोनला पाय टेकले. तिथं एक जाडसर, भरड आवाज होता, माझ्या ओळखीचा नसलेला. म्हटलं, हाच आता आपला.

पुढच्या जयंतीला ईटच्या विहारापुढं कार्यक्रम ठेवला. दोन वर्षांनी पार्टी एकत्र बसली होती. सुंदरानं जुना तांब्या भरून आणला, तो मी बाजूला ठेवायला सांगितला आणि माझ्या पिशवीतून माझा काढला. चिंचेनं घासून लख्ख केला होता. सगळा गाव समोर बसलेला. मी म्हटलं, आज ह्यातलं पाणी फिरंल.

सुंदरानं पहिल्यांदा घेतला. तोंड लावून प्याली आणि पदरानं ओठ पुसले. दोघे दीर प्याले, तोंड लावून. मग तो मास्तरांकडे गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, थोडं हसले. मान मागं टाकली, तांब्या तोंडापासून वीतभर वर धरला आणि धार सोडली. एक थेंब इकडं तिकडं सांडला नाही. मग त्यांनी तो मला दिला, नाव माझ्याकडे करून.

मी राहिलेलं पाणी प्याले आणि तांब्या माईकपुढं ठेवला.

"मास्तर, काळी दोन धरा," मी म्हटलं.

लोकांना नवा आवाज ओळखू आला नाही, मागं थोडी कुजबुज झाली, मग थांबली. खडीवर जुळवलेलं बाबासाहेबांचं पहिलं गाणं मी घेतलं होतं. शेवटचं कडवं आलं. मास्तर पेटीवर मान खाली घालून होते, त्यांच्या नावाची वाट बघत.

"कौसल्या सांगे," मी म्हटलं, "शिका लेकरांनो."

पेटी अडखळली. सुंदरानं झील चुकवली नाही.